नाव शेवटी लिहायचं

कासिमसाहेब,

तुम्ही गेल्यापासून मोहल्ल्यातली मंडळी माझ्या मागे लागली आहेत, तुमच्याविषयी चार शब्द लिहून द्या म्हणून. त्यांना ‘थोर कलावंत’ वगैरे हवंय. ते मला जमणार नाही. थोर होतात की नाही मला ठाऊक नाही. हट्टी होतात, हे शपथेवर सांगेन. इंग्रजांच्या वेळी नोकरीला लागलेले ड्राफ्ट्समन, पुण्यातल्या निम्म्या मानपत्रांच्या वेली तुमच्या हातच्या, सगळं खरं. पण स्वतःसाठी म्हणून तुम्हाला जन्मात एकच नाव लिहायचं होतं, आणि त्याचं काय केलंत ते सांगितल्याशिवाय मी तुमच्याविषयी ओळसुद्धा लिहिणार नाही. रागवायचं असेल तर आत्ताच रागवून घ्या. समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायचं, मान डोलवायची आणि शेवटी मनासारखंच करायचं, ही तुमची पद्धत. आताही तेच करा.

शर्मिला खळदकर

*

कासिम तांबोळींचे वडील मंडईमागच्या बोळात विड्याची पानं विकायचे. मुलानं गादीवर बसावं एवढीच त्यांची इच्छा, पण हा मुलगा पानाला चुना लावतानासुद्धा नक्षी काढायचा आणि गिऱ्हाईक खोळंबायचं. शेवटी वैतागून त्यांनी त्याला मामाच्या हवाली केलं. मामा एका छापखान्यात उर्दू लग्नपत्रिका हातानं लिहायचे. त्यांच्याजवळ बसून कासिम कलम कापायला शिकला, ठिपक्यांच्या मापानं अक्षर तोलायला शिकला. मिसरूड फुटायच्या सुमाराला, इंग्रजांचं राज्य जाता जाता, तो सरकारी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून चिकटला.

ट्रेसरचं काम म्हणजे दुसऱ्यानं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर मेणचट, चकचकीत कापड ताणायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईनं वर उतरवायची. डोकं चालवायचं नाही, श्वाससुद्धा जपून घ्यायचा. रेघ चुकलीच तर ती ब्लेडनं अलगद खरवडायची, खरवडलेली जागा नखानं घोटून पुन्हा गुळगुळीत करायची आणि मगच तिथे शाई लावायची. घोटलं नाही तर शाई फुटते.

ऑफिसात हेड ड्राफ्ट्समन होते रंगराव. डोक्याला पगडी, पायात बूट आणि तोंडात कायम अडकित्त्यासारखी भाषा. पहिल्याच आठवड्यात कासिमनं एका पुलाच्या नकाशाला आधी मथळा लिहिला, पानाफुलांसकट. पूल मात्र पुढे चुकला. रंगरावांनी कापड उचलून खिडकीशी धरलं.

“तांबोळी, बारसं झालं, मूल कुठाय?”

सगळं ऑफिस हसलं.

“आधी पूल. मग नदी. मग उत्तरेचा बाण. नाव सगळ्यात शेवटी. पूल चुकला तर कापड जातं, त्याच्याबरोबर नाव कशाला घालवायचं?”

कासिमनं ते जे मनाशी धरलं ते कायमचं. नकाशा असो, लग्नपत्रिका असो, कुणाच्या दुकानाची पाटी असो, नाव शेवटी. पुढे तो स्वतः ड्राफ्ट्समन झाला, ‘अहो कासिमसाहेब’ झाला, तरी हाताखालच्या पोरांना हेच सांगत राहिला.

त्याच्या इंग्रजी अक्षरांची कीर्ती अशी की बदली होऊन जाणाऱ्या साहेबाला मानपत्र द्यायचं म्हटलं की कागद त्याच्याकडे यायचा. कडेनं द्राक्षांचे वेल, कोपऱ्यात मोर, सोनेरी वर्खातलं पहिलं अक्षर, आणि सगळ्यात शेवटी साहेबाचं नाव. साहेब गेले, मंत्री आले. मानपत्रं मराठीत आली. तीही कासिमसाहेबांकडेच यायची, पण अर्ध्या कामापुरती. इंग्रजी आणि उर्दू हे त्यांचे दोन हात होते. मराठी ते वाचायचे, बोलायचे फर्डी, पण लिहायला लागले की अक्षर शाळकरी पोराचं. मग ते वेलबुट्टी करायचे आणि मधली जागा कोरी ठेवून कागद परत द्यायचे. मजकूर कुणी दुसराच लिहायचा. वर्षानुवर्षं हे असंच चाललं आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

वाटलं असेल तर त्यांच्या बायकोला. रझिया सासवडची, मराठी शाळेत चार यत्ता झालेली. तिला उर्दू वाचता येत नव्हतं. संध्याकाळी ती पेपर मोठ्यानं वाचायची आणि कासिमसाहेब टेबलाशी वाकून काम करता करता ऐकायचे. ऑफिसातून टाकून दिलेलं ट्रेसिंगचं कापड ते घरी आणायचे. रझिया ते उकळून खळ काढून टाकायची, की खाली मलमलीसारखं मऊ सूत निघायचं. त्याची ती झबली शिवायची. शाईचे फिकट डाग काही केल्या जात नसत, त्यामुळे त्यांचा सिराज लहानपणी कुठल्या ना कुठल्या नदीवरचा पूल अंगात घालून रांगला.

नवऱ्यानं लिहिलेली पत्रिका हातात आली की रझिया ती मुद्दाम उलटी धरायची.

“लई देखणी हाय. काय लिवलंय?”

“नवरीच्या बापाचं नाव.”

“आन् नवरीचं?”

“नवरीचं लिहीत नाहीत. अमक्याची मुलगी असं लिहितात.”

“माझ्या लग्नातबी तसंच लिवलंवतं?”

“पद्धतच आहे तशी.”

“बरं हाय,” ती म्हणायची. “पत्रिका कुणाची बी असू द्या, लगीन बापाचंच.”

ती म्हणत होती ते खरंच होतं. शहरातल्या अर्ध्या लोकांची नावं कासिमसाहेबांनी लिहिली. बायकोचं एकदाही लिहायची वेळ आली नाही. रेशनकार्डावर कारकुनानं लिहिलं, सिराजच्या शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी.

म्हातारपणी रझिया आजारी पडली. पोटात गाठ होती, आणि डॉक्टर सिराजशी दाराबाहेर बोलायला लागले तेव्हाच ती काय ते समजली. एका दुपारी तिनं नवऱ्याला जवळ बसवलं.

“दगडावर माझं नाव घाला. फलाण्याची बायको, बिस्तान्याची आई नको. नुसतं माझं नाव. तुमच्या हातचं. आन् मला वाचता यील असं.”

“तू कशी वाचणार?”

“ते माझं मी बघीन. तुमी लिवा.”

“मराठी माझ्या हाताला नाही, रझिया.”

“मग शिका की. रिकामेच तर असता.”

त्यांनी हो म्हटलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. निवृत्त झाल्यावर कब्रस्तानाच्या कमिटीनं कासिमसाहेबांना जागेचा नकाशा काढायला सांगितला होता. जागा थोडी, माणसं फार. तेव्हा रांगा आखायच्या आणि काही वर्षांनी एकेक रांग पुन्हा फिरवायची, म्हणजे जुन्या कबरींच्याच जागी नव्या खणायच्या, असं ठरलं. कुठली रांग कधी फिरणार हे नकाशात कासिमसाहेबांनी सुबक आकड्यांनी घातलं होतं. ज्या कबरीवर नाव कोरलेला दगड उभा असेल तो रांग फिरताना भिंतीशी हलवून ठेवायचा; दगड नसेल तिथे काही नाही, माती सारखी करायची. नकाशा इतका नेटका उतरला होता की कमिटीनं तो काचेत घालून फाटकाशी लावला.

रझियाला त्यातल्याच एका रांगेत जागा मिळाली. लोक ओंजळीनं माती टाकत होते, दुआ मागत होते. कासिमसाहेबांचे ओठ हलत होते, पण ते रांग मोजत होते. ही रांग फिरायला आपल्याच हातानं आपण कुठलं वर्ष घातलं, ते त्यांना नकाशा न बघता आठवलं.

वेळ होता, तसा पुष्कळ होता. स्वारगेटच्या पुढे कालव्याकडेला सोनबा पाथरवटाचं पाल होतं. त्याच्याकडून त्यांनी पांढरा दगड निवडला. कासिमसाहेबांनी कागदावर काढून द्यायचं, सोनबानं तसंच्या तसं कोरायचं. पहिल्यांदा कड. मग कडेच्या आत वेल. हा वेल असा की जन्मात कुठल्या साहेबाला मिळाला नाही. एकेका पानाच्या शिरा त्यांनी पुन्हा पुन्हा काढल्या. मग वर दुआ, उर्दूत. मग खाली सन. प्रत्येक टप्प्याला महिने जात होते, कारण आवडलं नाही की ते कागद फाडायचे. मधली जागा कोरी. नाव शेवटी.

सिराजनं एकदा विचारून पाहिलं. “अब्बा, नाव आधी घालून टाकलं तर? वेलीबिली नंतर होतील.”

“वेल चुकला तर?”

“चुकू दे की.”

कासिमसाहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

सगळं झालं, मधली जागा तेवढी राहिली, तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या कितीतरी पुढे गेलं होतं आणि हात कापायला लागला होता. आता त्यांना मराठी अक्षर शिकायचं होतं.

शर्मिला खळदकरबाईंना ते फार पूर्वीपासून ओळखत होते. बाई कॉलेजात भूगोल शिकवायच्या आणि भिंतीवरचे मोठे नकाशे त्यांच्याकडून काढून घ्यायच्या. पहिल्याच नकाशात कासिमसाहेबांनी सह्याद्रीच्या कडेनं पानंफुलं काढली, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, “मला नकाशा हवा होता, शालू नव्हे.” त्यांनी मान डोलवली होती आणि पुढच्याही नकाशात पानं काढली होती. बाईंचं फळ्यावरचं अक्षर मात्र छापल्यासारखं होतं, बोरूनं घटवलेलं. कासिमसाहेब त्यांच्या दारात गेले.

“बाई, मला मराठी शिकवा.”

“इतकं सुरेख तर बोलता.”

“लिहायला.”

बाईंनी कारण विचारलं, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “एवढंच ना? आत्ता लिहून देते, घेऊन जा सोनबाकडे.”

“माझ्या हातचं हवंय तिला.”

“मग बसा. पण मला वेळकाढूपणा चालत नाही, आधीच सांगते.”

नव्वदीकडे झुकलेला तो माणूस पोरासारखा बसला. अडचण वेगळीच निघाली. उर्दू अक्षर उजवीकडून निघतं आणि उतारावरनं घरंगळल्यासारखं खाली येतं. त्यांचा हात जन्मभर त्याच उताराला सरावलेला. मराठीला वर आडवी रेघ. ती मारताना ते नकळत उजवीकडून सुरुवात करायचे, आणि डावीकडे येता येता रेघ खाली उतरायची.

“ही काय घसरगुंडी आहे?” बाई म्हणायच्या.

“तुमची अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी आहेत, बाई. उभी राहायला जमीनच नाही.”

“मग चिमटे नीट लावा. पुन्हा.”

बाई चिडायच्या, कागद ओढून घ्यायच्या, स्वतः काढून दाखवायच्या. कासिमसाहेब मान डोलवायचे. दर गुरुवारी यायचे, पावसाचे दिवस सोडून. हळूहळू अक्षर वळायला लागलं. एक दिवस ‘रझिया’ असं त्यांनी काढलं की बाईंनी कागद ओढून घेतला नाही. ते तीन अक्षरांचं नाव वेलीसारखं नव्हतं, मोरासारखं नव्हतं. साधं होतं. चार यत्ता शिकलेल्या बाईला लांबून वाचता यावं असं.

“झालं,” बाई म्हणाल्या. “हेच द्या.”

“हे सरावाचं. आता नीट काढतो.”

तेवढ्यात आजार आला, मग साथीत सगळं शहरच दारं लावून बसलं, मग डोळ्याचं ऑपरेशन झालं. सोनबाचे निरोप यायचे. “सायेब, समदं झालंया, नाव कवा देताय? दगडावर कोंबड्या निजत्यात.” सराव पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, कारण हात सगळं विसरला होता.

ईदच्या आधी कमिटीचा माणूस सिराजच्या दुकानात येऊन सांगून गेला. तुमच्या आईची रांग ईदनंतरच्या रविवारी फिरणार. दगड असेल तर त्याआधी उभा करा, म्हणजे भिंतीशी हलवू. सिराजनं घरी येऊन सांगितलं तेव्हा त्याला वाटलं, म्हातारा हादरेल. कासिमसाहेब नुसते म्हणाले, “माहीत आहे. मीच घातलंय ते वर्ष.”

नात यास्मिन हिंजवडीला कामाला होती. तिनं लॅपटॉप आणून समोर ठेवला.

“दादा, फॉन्ट बघा ना. कॅलिग्राफीचे खूप चांगले आहेत. दोन मिनिटांत डिझाइन करून देते, प्रिंट घ्यायची, सोनबाकाका कोरतील. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

कासिमसाहेबांनी एकेक अक्षर चष्मा पुढेमागे करून पाहिलं. “चांगलं आहे,” ते म्हणाले, आणि खरोखरच ते चांगलं होतं. “पण तिनं माझ्या हातचं मागितलं होतं, बेटा. आयुष्यात एवढंच मागितलं.”

लॅपटॉप मिटून यास्मिन आत गेली, आणि आत जाऊन बापाला म्हणाली, “दादीला काहीच मिळणार नाही अशानं.” कासिमसाहेबांना ते ऐकू आलं. कान त्यांचे शेवटपर्यंत तीक्ष्ण होते.

मग त्यांनी पेटीतून ट्रेसिंगच्या कापडाचा शेवटचा तुकडा काढला. असलं कापड आता मिळत नाही. त्यावर त्यांनी नाव काढलं. हात टेकवायला खाली उशी घेतली, श्वास धरून एकेक वळण घेतलं. ईद झाली. बुधवारी नाव तयार झालं. सोनबाला कोरायला दोन दिवस पुरे होते. गुरुवारी कापड पोचलं की शनिवारी दगड उभा राहिला असता. कापड देऊन निघून यायचं नाही, सोनबा छिन्नीचा पहिला घाव घालेपर्यंत शेजारी उभं राहायचं, हा त्यांचा नेम. त्यांना एकट्याला जाववत नव्हतं, म्हणून शर्मिलाबाई रिक्षा घेऊन येणार होत्या.

बाई वेळेआधी आल्या. कासिमसाहेब शेरवानीची बटणं लावून तयार होते. कापड गुंडाळून नळीत घातलेलं होतं. रिक्षा बोळाच्या तोंडाशी उभी.

“चला,” बाई म्हणाल्या.

“एकदा तपासून घेतो.”

“काल मी तपासलंय. उत्तम आहे.”

ते खिडकीशी गेले आणि कापड उजेडासमोर धरलं, रंगराव धरायचे तसं. कापड थरथरत होतं, म्हणून त्यांनी ते काचेला टेकवलं.

“रेघ उतरलीय,” ते म्हणाले. “डावीकडे.”

“केसाएवढी.”

“केसाएवढी का होईना.”

“अहो कासिमसाहेब, सोनबा ठोकता ठोकता सरळ करेल ती.”

“सोनबा मी काढलं तेच कोरतो. म्हणून तर त्याच्याकडे दिलं.”

“मग तसंच कोरू द्या. रझियाभाभी काय फूटपट्टी घेऊन बसल्या आहेत? द्या इकडे, मी एकटी जाते.”

“तुम्ही गेलात तर तो कोरेल.”

“तेच तर हवंय ना?”

“एकदा कोरलं की तसंच राहतं, बाई.”

ते टेबलाशी बसले. ब्लेड काढलं. बाईंना कळेना, हात धरावा की नाही. आणि धरलाही असता, पण ब्लेड कापडाला लागल्यावर तो हात थरथरायचा थांबला. तरुणपणीचाच हात असल्यासारखा तो डावीकडची रेघ अलगद खरवडत गेला. बाहेरून रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

खरवडून झालं. त्यांनी फुंकर मारली. बोरू शाईत बुडवला आणि नवी रेघ, या वेळी डावीकडून, सरळ, पट्टीनं आखल्यासारखी मारली.

जागा घोटायची राहून गेली होती. हजार वेळा केलेलं काम, कुणा ट्रेसरच्या पोरालासुद्धा सांगावं लागत नाही असं. शाई आधी जिथल्या तिथे राहिली, मग हळूच फुटली. उघड्या सुतात शिरली, रेघेखालून पाझरत ‘र’मध्ये उतरली, तिथून पुढे. कासिमसाहेब बघत होते. टिपकागद त्यांच्या हाताशी होता. त्यांनी उचलला नाही.

बाईंनी पदरानं टिपायला हात पुढे केला.

“राहू द्या,” ते म्हणाले. “पसरेल आणखी.”

बाई खुर्चीत बसल्या. मग एवढंच म्हणाल्या, “ते सरावाचे कागद कुठे आहेत? कुठलाही द्या. तो पहिला द्या, मला आवडला होता तो.”

“सगळे फाडले.”

“सगळे?”

“चांगलं उतरल्यावर वाईट कशाला ठेवायचं.”

हॉर्न पुन्हा वाजला.

“पुढच्या गुरुवारी जाऊ,” कासिमसाहेब म्हणाले. “कागदावर काढून ठेवतो.”

“रविवारी रांग फिरतेय.”

“माहीत आहे.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ते बोरू धूत होते, नीट, टोकाकडून मागे.

“किती वाजता येऊ?” बाईंनी विचारलं.

“दहाला या. कालव्याकडे नंतर गर्दी होते.”

“रिक्षा मीच आणते,” बाई म्हणाल्या, आणि खाली उतरून त्यांनी उभी असलेली रिक्षा परत पाठवली.

रविवारी रांग फिरली. पुढच्या गुरुवारी दहाला शर्मिलाबाई आल्या तेव्हा कासिमसाहेब भिंतीकडे तोंड करून पडले होते. अंगात ताप आहे, आज नको, असं सिराज म्हणाला. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्यांनी स्वतःच सांगितलं, आज नको. ते गेले त्या आठवड्यातसुद्धा, बाई भेटायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं की सोनबाचं पाल अजून कालव्याकडेच आहे का. आहे, बाई म्हणाल्या. मग एकदा जाऊन येऊ, ते म्हणाले. बाई म्हणाल्या, जाऊ.